जिवंत माणसाचं मर्तिकगाणं

कानेला मावरेआला गाणं कोणी शिकवलं, असं विचारलं की ती समोरचा माणूस बघून उत्तर देते. अथेन्सचा कोणी असला तर म्हणते, वडिलांनी. गावातला असला तर म्हणते, कोणी नाही, असंच आपलं. खरं उत्तर आहे तिची आत्या स्ताव्रियानी. पण ते ती सहसा देत नाही, कारण आत्याला खपत नाही. आत्याचं म्हणणं, मी कोणाला काही शिकवलेलं नाही. ही पोरगी माझ्या मागे मर्तिकाला यायची आणि भिंतीला टेकून ऐकायची, त्याला मी काय करणार.

आमच्या मानी भागात, ग्रीसच्या दक्षिण टोकाला, माणूस गेला की बायका त्याच्या भोवती बसून गातात. गाणं आधी रचलेलं नसतं. एक जण सुरू करते, तिचा दम संपला की दुसरी उचलते. ओळ आठ अक्षरांची, त्यात कमीजास्त चालत नाही. गेलेल्याला नावाने हाक मारायची, त्याच्याशी बोलायचं, त्याचं काय चांगलं होतं आणि काय नव्हतं ते तोंडावर सांगायचं. स्ताव्रियानी आत्याचा यात हात धरणारं कोणी नाही. गावचा सुतार गेला तेव्हा त्याला तिने असं काही सुनावलं की त्याची बायको रडता रडता फसकन हसली, आणि त्या दिवसापासून म्हातारे लोक आत्याशी जरा जपूनच बोलतात. शेवटचा शब्द तिच्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वडिलांचा वाटाही खोटा नाही. ते देवळात स्तोत्रं म्हणायचे. घरी सराव करताना कानेलाला आणि तिच्या थोरल्या भावाला, लिबेरिसला, समोर बसवायचे आणि एकच खालचा सूर धरून ठेवायला लावायचे. त्याच्यावर स्वतःचं गाणं चढवायचे. लिबेरिसचा सूर दोन मिनिटांत घसरायचा आणि तो अंजिराच्या झाडाकडे पळायचा. कानेला मात्र तोंड लाल होईपर्यंत धरून बसायची. शिवाय घरात एक जुना रेडिओ होता. आमचं हे टोक समुद्रात इतकं आत घुसलंय की त्याच्यावर अथेन्स नीट लागत नसे, पण पलीकडच्या काठावरच्या अरबी बायकांची गाणी स्वच्छ यायची. एक शब्द कळत नसताना कानेलाने ती पाठ केली. आजही तिच्या गाण्यात मध्येच एक लांबलचक हेलकावा येतो, तो तिथला.

गिटार लिबेरिसने आणली, कालामाता शहराच्या बाजारातून, पहिल्या पगारातून. तिला पाचच तारा होत्या. गिटारीला सहा तारा असतात हे कानेलाला पुढच्या वर्षी कळलं, आणि तेव्हा ती म्हणाली, असू दे, मला सहावीची सवय नाही. पंधराव्या वर्षी तिने पहिलं गाणं रचलं, आरेओपोलीच्या बसच्या ड्रायव्हरवर, जो उताराला गाडी मोकळी सोडून देवाचं नाव घ्यायचा. पोरांनी ते उचललं आणि त्या बिचाऱ्याला वर्षभर पिडलं. ते ऐकून कानेलाच्या मनाने घेतलं की आपल्याला हेच करायचं. आपली गाणी, आपल्या बोलीत, आणि लोकांनी ती रचणारीचं नाव विसरून गावीत.

एवढी साधी इच्छा, पण तिच्यापायी नाकी नऊ आले. अथेन्सच्या एका गाण्यांच्या कंपनीतल्या माणसाने ऐकून घेतलं, आवाज छान आहे म्हणाला, फक्त ही खेडवळ बोली बदला म्हणाला. कानेलाने गिटार पिशवीत घातली आणि संध्याकाळची बस धरली. तेव्हापासून तिचं असं चाललंय: हिवाळ्यात तेलाच्या घाण्यावर काम, उन्हाळ्यात आरेओपोलीतल्या खाणावळीत वाढप, आणि उरलेला वेळ गाणी. आईवडील गेल्यावर लिबेरिस जर्मनीला, स्टुटगार्टला, एका गाड्यांच्या कारखान्यात गेला. त्याच्या रिकाम्या खोलीच्या भिंतींना तिने हळूहळू अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आणि तिथे बसून ती गाऊ लागली. पहिली काही वर्षं लिबेरिस ऑगस्टात यायचा. मग यायचा थांबला. कानेला दर वर्षी त्याला घरच्या तेलाचे डबे तेवढे पाठवायची.

गेल्या वर्षी तिच्याकडे स्वतःची नऊ गाणी जमली होती. कालामाताला सोतिरिस नावाचा एक जण ध्वनिमुद्रण करतो. त्याने सांगितलं, दहा कर, आपण तुझा संग्रह काढू, कोणत्या कंपनीच्या दारात जायला नको. दहावं गाणं तिने लिबेरिसवर रचलं. आणि कसं रचलं, तर आत्याच्या चालीत, आठ आठ अक्षरांत, नाव घेऊन.

दारी वाढले गवत,
तुझ्या खुर्चीत मांजर;
लिबेरिस, लिबेरिस,
कुठे तुला पुरले रे.

गाणं नऊ गाण्यांहून सरस होतं, यात वाद नाही. तिलाही ते कळलं होतं, आणि इथेच तिची अक्कल गहाण पडली. पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाच्या जत्रेत, देवळासमोरच्या चौकात, क्लॅरिनेटवाला पाणी प्यायला उठला तेव्हा ती गिटार घेऊन उभी राहिली आणि हे गाणं गायली.

परक्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. आमच्याकडे घरात कोणी गेलेलं नसताना बायका ती चाल गुणगुणतसुद्धा नाहीत. फार तर लांब शेतात, एकटीने. आणि हिने भर सणाला, टेबलांवर डुकराचं मांस आणि कणकेच्या तळलेल्या लालांग्यांची ताटं असताना, एका जित्याजागत्या माणसाला नाव घेऊन पुरलं. पहिल्या कडव्याला बायकांनी हातातले काटे खाली ठेवले. दुसऱ्याला क्रूस काढले, अशुभ टळावं म्हणून तीनतीनदा छातीवर थुंकल्यासारखं केलं. तिसऱ्याला आत्या उठली आणि घरी चालू लागली, आणि तिच्या मागे सगळी काळ्या कपड्यांतली रांग. कानेला गात राहिली. तिला वाटलं, गाणं जिव्हारी लागलं म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात आत्याने तिला उभं केलं.

"कोण मेलंय गं?"

"कोणी नाही, आत्या. गाणं आहे ते."

"मला शिकवू नकोस गाणं काय असतं. मी ज्याच्यासाठी तोंड उघडलं तो परत उठलेला नाही. आणि तू माझ्या भावाच्या पोराला चौकात आडवं घातलंस. वर ते दहा जणांनी फोनमध्ये धरून ठेवलंय."

कानेलाने सांगून पाहिलं की हे जुने समज आहेत, की परदेशी गेलेल्यांवर गाणी पूर्वीही व्हायची. आत्या म्हणाली, व्हायची, पण ती वेगळ्या चालीत, आणि त्यात खड्डा खणत नसत. हे गाणं संग्रहात गेलं तर मला आत्या म्हणू नकोस, एवढं बोलून तिने दार लावलं. पुढचे काही आठवडे दोघी एकाच अंगणात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. खाणावळीत वाढताना बायका कानेलाच्या हातची बशी घेत, पण तिच्याकडे बघत नसत. सोतिरिस फोनवर विचारत होता, कधी येतेस. दहावं गाणं वगळावं तर संग्रहाचा प्राण जातो, ठेवावं तर आत्या जाते.

शेवटी तोड आत्यानेच काढली. तिचं म्हणणं असं: गेलेला माणूस उत्तर देत नाही. मर्तिकाचं गाणं झाल्यावर जो उठून उत्तर देईल तो जिवंत. तेव्हा लिबेरिसने इथे, आपल्या अंगणात, आपल्या पायांवर उभं राहून ते ऐकावं आणि आठ अक्षरांत उत्तर द्यावं. मग दोष गेला. ही रीत जुनी होती की आत्याने उभ्या उभ्या बनवली, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. विचारायची हिंमतही कोणी केलेली नाही. तिने शेजाऱ्याकडून स्टुटगार्टचा नंबर लावून घेतला आणि लिबेरिसला म्हणाली, "तुझ्या बहिणीने तुला मारून ठेवलंय. येऊन उठ."

लिबेरिस आला. ऑलिव्ह झोडायचे दिवस होते. तो केसांनी विरळ झाला होता, दंडाने जाड झाला होता, आणि आपल्याच घराच्या दारावर त्याने टकटक केली. कानेलाने त्याचं अंथरूण बैठकीत घातलं, कारण त्याच्या खोलीत तारा, खोकी आणि पुठ्ठेच पुठ्ठे होते. त्याने दारातून आत डोकावलं, छान केलंयस म्हणाला आणि बूट काढायला बाहेर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने चौघी बायकांना बोलावलं. त्या भिंतीपाशी बाकावर बसल्या. लिबेरिस अंगणाच्या मधोमध उभा, हातांचं काय करायचं ते न कळून ते खिशात घातलेले. कानेला गिटारीविना गायली. गवत, मांजर, खुर्ची, सगळं गायली, आणि त्याच्यासमोर गाताना तिला पहिल्यांदा जाणवलं की हे गाणं विचारत काहीच नाही, नुसतं ठरवून मोकळं होतं.

"आता तू," आत्या म्हणाली.

"आत्या, मला कुठे येतंय."

"आठ मोजता येतात ना? मोज."

मग त्याने खिशातून एक हात काढला आणि बोटं मांडीवर आपटत, चाल अर्धी विसरत, बापासमोर घसरायचा तसाच घसरत, म्हणाला:

डबे आले तेलाचे ग,
ये म्हणाले नाही कोणी.

त्याने परत बोटं मोजली.

मीच फोन केला होता,
घरी येतो म्हणालो मी;
कानेला, तू म्हणालीस,
इथे आता काय आहे.

तो थांबला आणि झालं म्हणाला.

कानेला तो फोन साफ विसरली होती. आता तो जसाच्या तसा कानात आला. चारएक वर्षं झाली असतील. लिबेरिस म्हणाला होता, इथली थंडी हाडात बसली आहे, कारखान्यात कोणी कोणाशी बोलत नाही, मी येतो, ऑलिव्ह बघीन, घर बघीन. आणि ती म्हणाली होती, इथे आता काय आहे, वेडा आहेस का, लोक तिकडे जायला मरतात. शहाणपणाचंच बोलली होती. फक्त बोलत असताना ती त्याच्या खोलीत बसली होती, भिंतीवर शेवटची पुठ्ठ्यांची रांग चिकटवत, आणि तिच्या मनात पहिलं आलं होतं ते हे की तो आला तर ही खोली जाईल. त्यानंतर तो ऑगस्टातही आला नाही. त्यावर तिने गाणं रचलं होतं, तो येत नाही म्हणून.

तिला त्याच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, आणि रागही कोणावर काढणार.

"मी तसं म्हणाले होते," ती म्हणाली. ते आठ अक्षरांत नव्हतं, आणि चालीतही नव्हतं. आत्याने काही हरकत घेतली नाही. ती उठली, लिबेरिसच्या खांद्यावर, छातीवर, पाठीवर हात फिरवून बघितला, आणि बायकांना म्हणाली, "उत्तर आलं. उठा, कॉफी घ्या."

लिबेरिस ऑलिव्ह उतरेपर्यंत राहिला. दोघं झाडाखाली जाळ्या पसरायची, काठ्यांनी फांद्या झोडायची, आणि कामापुरतं बोलायची. एकदा पोती बांधताना कानेला म्हणाली, तू ये, मी खोली रिकामी करते. तो म्हणाला, आता तिकडे पेन्शनची वर्षं भरत आली आहेत, एक बाई आहे, ओळखदेख आहे, आता कसला येतोय. तिरस्काराने नाही, सहज म्हणाला. तेव्हा आलो असतो, एवढंच त्याने वर जोडलं, आणि पोतं उचलून गाडीवर टाकलं. कारखान्याची सुटी संपली तसा तो गेला.

कानेलाने खोलीतले पुठ्ठे काढले, खोकी बैठकीत आणली. भिंतींवर डिंकाचे चौकोन राहिले आहेत, ते जात नाहीत.

वसंतात ती कालामाताला गेली. नऊ गाणी दोन दिवसांत झाली. दहावं ती गायली तसं सोतिरिस काचेआडून ऐकत होता. पहिली कडवी ऐकून त्याने अंगठा वर केला. मग भावाचं उत्तर आलं, तेही तीच गात होती, त्याच्याच घसरत्या चालीत, काहीही न सुधारता. सोतिरिसने कानावरचे ठोकळे काढले आणि बाहेर आला. म्हणाला, बाई, गाणं उत्तम आहे, पण शेवटी घोळ होतोय. ऐकणारा इतका वेळ बहिणीच्या बाजूने रडत असतो, आणि शेवटी एकदम तीच वाईट ठरते. ते कडवं काढ. नसेल काढायचं तर निदान त्यातलं तुझं नाव तरी काढ. कुठल्या तरी बाईचं असावं तसं ठेव.

"त्याचं नाव चौकात घेतलं तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं," कानेला म्हणाली.

"पण लोक विचारतील ना. ही कानेला कोण, जिने भावाला येऊ नको म्हटलं?"

"सांग त्यांना," ती म्हणाली, "तीच गातेय म्हणून."

आणि गिटार जवळ ओढून तिने त्याला यंत्र सुरू करायला सांगितलं.