आवाज नसलेला खेळ

लातूरच्या त्या थिएटरचे मालक आमचं म्हणणं पुरतं ऐकायच्या आधीच हसले. "ताई, लोक घरी मोबाईलवर फुकट बघून राहिलेत. त्यांना इथं आणावं म्हणून आम्ही साउंड नवा बसवला. अन् तुम्ही म्हणता, आवाज नसलेला पिक्चर लावा?"

शेजारच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसला होता. तो जन्मापासून बहिरा आहे. त्याची नजर मालकांच्या ओठांवर होती. नकार कळायला त्याला माझी गरज पडली नाही. टेबलावर पसरलेलं पोस्टर त्याने गुंडाळलं आणि उठला.

कल्पना त्याचीच होती. मी लातूरला शाळेत शिकवते. तो नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. मोबाईलवर बघता बघता त्याला खूप जुने मूकपट सापडले होते, कुणाचेच हक्क न उरलेले. त्यातला एक विनोदी चित्रपट निवडून त्याने मधल्या संवादांच्या इंग्रजी पाट्यांच्या जागी मराठी पाट्या बसवल्या. मी हातांनी म्हटलं, "मग घरीच दाखव ना मित्रांना." त्याने मान हलवली. "थिएटरात बघायचाय. ऐकू येणाऱ्या लोकांसोबत. यात त्यांना माझ्यापेक्षा जास्त काही कळत नाही."

म्हणून आम्ही फिरत राहिलो. एका मालकाने वर गाणी टाकून द्या म्हटलं, दुसऱ्याने भेटच दिली नाही. शेवटी नांदेडच्या एका जुन्या, एकपडदा थिएटरचे मालक तयार झाले, तेही नाइलाज झाल्यासारखे. रविवारी दुपारचा खेळ तसाही रिकामा जात होता.

"पन एक सांगतो," ते म्हणाले, "बाहेरची पब्लिकबी येनार. तिकीट खिडकी मी बंद ठेवनार न्हाई. लोकांनी गोंधळ घातला, खुर्च्यांना हात लावला, की मी बंद करनार. मंग मला बोल लावू नका."

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवारी भोकरहून, अर्धापूरहून भावाच्या मूकबधिर शाळेतले जुने सोबती आले. काहींच्या बायकाही होत्या, त्याही बहिऱ्याच. ते सगळे पुढच्या रांगांत बसले. बाल्कनीत मात्र पोस्टरवर 'विनोदी' वाचून आलेली तरुण मंडळी. मूकपट असल्याचंही पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नसावं. मी मागे दाराशी उभी राहिले, मालकांच्या शेजारी. बसायचा धीरच होत नव्हता.

खेळ सुरू झाला. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग वरून हाक आली, "ओ, आवाज!" एक शिट्टी वाजली. मग दहा वाजल्या. पाय आपटायला लागले. "मशीन बिघडली का हो? पैसे वापस द्या!"

पुढच्या रांगा खदखदून हसत होत्या. पडद्यावरचा माणूस शिडी घेऊन भिंतीवर चढत होता. मागे काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"ताई, मी सांगितलं व्हतं," मालक म्हणाले आणि केबिनकडे निघाले. मी मागे धावले. "मालक, पाच मिनिटं थांबा. पुढचे रंगलेत हो." ते थांबले नाहीत. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

तेव्हा कुठे पुढच्या रांगा वळल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न. भाऊ माझ्याकडे आला. "मशीन बिघडली?"

"नाही. वरचे लोक ओरडतायत."

"का?"

मी सांगितलं. त्याने बाल्कनीकडे एकदा पाहिलं, माझं मनगट पकडलं आणि मला पडद्यासमोर नेलं. तो हातांनी बोलू लागला, आणि ते मोठ्याने सांगणं माझ्याकडे आलं. वर्गाबाहेर एवढ्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते. पहिल्या वाक्याला आवाज फाटला.

"आम्हाला तुमचा गोंधळ ऐकू आला नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीपण हसताय. ज्यांना आवडलं नाही त्यांनी खुशाल जावं. पण आमचा सिनेमा बंद करू नका."

बाल्कनीच्या कठड्याला गळ्यात रुमाल टाकलेला एक जण टेकला होता. "म्हंजे हे खालचे समदे बहिरे हायत?"

"हाव."

त्याने वाकून खाली पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलणार. तो सोबत्यांकडे वळला. "बसा रे खाली." मग केबिनकडे तोंड करून ओरडला, "मालक, लावा की! ते बेनं शिडीवर चढलं व्हतं, तितूनच लावा!"

काही जण उठून गेले. पैसे मागत गेले. बाकीचे थांबले, आणि मालकांनी दिवे मालवून खेळ पुन्हा सुरू केला. बाल्कनीच्या मधल्या रांगेत एक सून आपल्या सासूला पाट्या वाचून दाखवू लागली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. शिडी सरकली तेव्हा वरचे आणि खालचे एकदमच हसले. मी तेव्हा कुठे पायरीवर बसले.

खेळ संपल्यावर आमची मंडळी बाहेर जाईनात. दारातच घोळका करून हातांनी सिनेमा पुन्हा सांगत होती. फाटकाबाहेर पुढच्या खेळाची माणसं ताटकळत होती. मालक वैतागून माझ्याकडे आले. "ताई, महिन्यातून एक रविवार देतो. पन दुपारीच, संध्याकाळ मागू नका. अन् आता यांना 'बाहेर चला' कसं म्हनायचं, ते मला शिकवा."

मी खूण दाखवली. त्यांनी ती केली, पण हात उलटा फिरला आणि 'आत या' असं झालं. घोळका हसत हसत परत आत शिरला.