ताईला बघायला डॉक्टर आले तेव्हा

आई आणि ताईचा व्हिसा इथल्या नियमांमुळे नाकारला गेला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं, की नकार कशामुळे येईल हे मला आधीच माहीत होतं, तो कसा टाळायचा हेही माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

ताई माझ्याहून मोठी. वय वाढत गेलं, समज मात्र अगदी लहान मुलीएवढीच राहिली. तिला आंघोळ घालावी लागते, वेणी घालून द्यावी लागते. भूक लागली हे तिला सांगता येत नाही, ती नुसती चिडते. जवळच्या माणसाने ते ओळखायचं. बाबा होते तोवर ते आणि आई मिळून तिचं सगळं करायचे. बाबा गेले आणि सांगलीच्या फ्लॅटमध्ये दोघी उरल्या. मी मँचेस्टरला, एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात. मग आईच्या हातांना कंप सुटला. आधी एका हाताला, मग दोन्ही, मग चालताना पाय अडखळायला लागला. घरात बाई ठेवली की ती ताईच्या चिडण्याला घाबरून थोड्याच दिवसांत काम सोडायची.

आईने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एकदाच, फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आमचं तिकडे काही होण्यासारखं आहे का रे? नसेल तर राहू दे. आपलं सहज विचारलं."

मी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असं सहज कुणी विचारत नसतं. वकील बघ." आणि तिने लगेच बॉक्स रूम, म्हणजे आमची अडगळीची छोटी खोली, आवरायला घेतली. बाथरूममध्ये धरायला कठडा बसवायचा म्हणून एका माणसाला बोलावून मापंही घेतली. आमची लेक इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "आत्या माझा रूममध्ये झोपली तरी चालेल. पण ती माझी मेकअप हात लावणार नाही ना?"

"माझ्या मेकअपला," बायको म्हणाली.

"तुझ्या नाही, माझी."

आम्ही हसलो. त्या आठवड्यात आमच्या घरी सगळे खूश होते, मीसुद्धा.

वकीलबाई पंजाबी घरातल्या, जन्म इथलाच. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आईवडिलांना इथे कायमचं आणायची वाट फार अरुंद आहे. म्हातारपण पुरत नाही, एकटेपण पुरत नाही. आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं स्वतःला जमत नाहीत, आणि ती करणारं माणूस तिकडे मिळत नाही, हे दोन्ही दाखवावं लागतं. मोठ्या बहिणीलाही हाच नियम. तिकडचा एक डॉक्टर घरी जाऊन दोघींना बघणार, अहवाल लिहिणार, आणि बराचसा निकाल त्यावर ठरणार.

"आपली माणसं नेमकी इथेच घोटाळा करतात," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येणार म्हटलं की घर लखलखीत करतात. आजोबांना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसवतात. काही त्रास? छे, काही नाही. आईंना सांगा, रोज जसं असतं तसंच राहायचं. वाढवून काही सांगायचं नाही आणि लपवायचंही नाही. एवढं केलंत तर तुमची केस चांगली आहे."

परतताना ट्राममध्ये मी तेच वाक्य घोळवत होतो. केस चांगली आहे. म्हणजे खरं तेवढं सांगितलं तरी त्या येतील. तोवर आईला आणि ताईला आणणं ही बोलायची गोष्ट होती, बोलताना बरं वाटायचं. आता ती खरी व्हायला लागली. ताईची आंघोळ. ताईचं ओरडणं, आणि भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. आणि आई काही जन्मभर पुरणार नव्हती. त्यानंतर ताई कायमची माझी. शाळेत असताना मित्र घरी आले की मी ताईला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचो. आई बाजारातून यायच्या आत काढायचो. त्या दिवशी ट्राममध्ये मला कळलं, की तो मुलगा कुठे गेलेला नाही. मला नकार हवा होता. फक्त तो माझ्या तोंडून यायला नको होता.

त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला तो आईला वकिलांचा निरोप द्यायला, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण आईने बोलूच दिलं नाही. "थांब, आधी हे बघ," म्हणाली. फोन शेजारच्या काकूंच्या हातात होता. पडद्यावर स्वयंपाकघराचं दार दिसलं आणि दारातून ताई आली, हातात ट्रे, ट्रेमध्ये रिकामे कप. ओठ घट्ट मिटलेले, नजर कपांवर. टेबलापर्यंत आली, ट्रे ठेवला, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आता विचार तिला," आई म्हणाली.

"काय विचारू?"

"इंग्लिशमधून विचार, कशी आहेस."

मी विचारलं. ताई आईकडे बघून म्हणाली, "फाइन. थँक्यू."

काकू कॅमेऱ्यामागून म्हणाल्या, "तयारी जोरात आहे बरं का. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हासुद्धा मी एवढी केली नव्हती."

"मग? हिला कुठे कधी कुणी बघायला आलं होतं," आई म्हणाली. "येऊ दे की एकदा."

"आणि पसंत केली तर थेट लंडन."

"मँचेस्टर, अहो."

"असू दे. विमान तेच असणार."

दोघी हसल्या. त्या हसल्या म्हणून ताईही हसली. मग आई फोनजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "परक्या मुलखातलं आहे बाबा. उपयोगाचं माणूस असेल तर घेतील. नुसतं ओझं कोण कशाला घेईल? थोडं काहीतरी येतं असं दिसलं पाहिजे. रोज करून घेते तिच्याकडून. मीही त्या दिवशी काठी घेणार नाही."

तिचा समज सरळ होता. आमच्याकडे कुणी बघायला येणार म्हटलं की उणं झाकायचं आणि चांगलं तेवढं पुढे करायचं, तिने जन्मभर हेच पाहिलेलं. इथे उलटं होतं. इथे उणं दाखवलं तरच दार उघडणार होतं. आई, असं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती ऐकणारी बाई होती.

मी म्हणालो, "छान जमलंय ताईला."

कॉल संपल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "सांगितलंस ना आईंना, वकील काय म्हणाल्या ते?"

"हो," मी म्हणालो. "सगळं सांगितलं."

डॉक्टर येऊन गेले तो दिवस मला आईकडून कळला. तिने तो फोनवर इतका रंगवून सांगितला, की मी तिथेच होतो असं अजून वाटतं. ताईला मोतिया रंगाची साडी नेसवली. साडी तिच्या अंगावर टिकत नाही म्हणून काकूंनी पिना लावून लावून ती जखडून टाकली. आंघोळ, वेणी सगळं काकूंनी आधीच उरकलेलं. काठी दाराआड. आई सोफ्यावर हात पदराखाली घेऊन बसली, म्हणजे कंप दिसणार नाही. पोहे काकूंचे, पण आणून दिले ताईने. चहासुद्धा. या वेळी कप भरलेले होते. थेंब सांडला नाही.

"डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, मीच की. हिची फार मदत होते. आणि आंघोळीचं वगैरे? म्हटलं, तिचं ती करते, मी नुसतं पाणी काढून देते. तुम्हाला काही त्रास? म्हटलं, वय झालंय, चालायचंच."

"मग?"

"मग काय, जाताना म्हणाले, छान सांभाळलंत हो आजी तुम्ही यांना. बसले, पोहे खाल्ले, हिच्याशी बोलले. पसंत पडली बघ."

बाबा गेल्यापासून आईचा आवाज मी असा ऐकला नव्हता. मागून ताई काहीतरी सांगत होती. आई तिला म्हणाली, "हो ग, सांगते त्याला. तू नाही सांडलंस."

अहवाल वकीलबाईंकडे आला तेव्हा त्यांचा मला ऑफिसमध्ये फोन आला. "हे काय? यात तुमच्या आई आणि बहीण एकमेकींना धरून मजेत राहतायत. मी सांगितलं होतं ना?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "हरकत नाही. दुसरा डॉक्टर पाठवू. त्याआधी आईंशी मी स्वतः बोलते. हिंदी कळतं ना त्यांना?"

आई हिंदी उत्तम बोलायची. म्हणजे दार पुन्हा उघडलं होतं, तेही माझी काही चूक न काढता. मी म्हणालो, "नको. त्यांना परत त्या सगळ्यातून न्यायचं नाही. आहे तोच अहवाल जाऊ दे."

"नक्की?"

"नक्की."

किती सभ्य वाक्य होतं ते. एखादा काळजी करणारा मुलगा बोलेल तसं. वकीलबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

नकार आला. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "कुणाचं नाही झालं? माझं का तिचं?"

"दोघींचं, आई. नियमच तसे आहेत."

"नियम असतीलच. पण काहीतरी दिसलं असणार त्यांना." आणि फोन तसाच हातात धरून ती ताईकडे वळली. "काय केलंस ग तू? डॉक्टरांना काय बोललीस? एवढं शिकवलं होतं ना तुला?"

ताई म्हणाली, "मी नाही सांडलं."

"मग नाही का म्हणाले ते?"

"मी नाही सांडलं. मी नाही सांडलं."

ती रडायला लागली आणि आई तिच्यावर आणखी ओरडली. मी मँचेस्टरमध्ये फोन कानाला लावून ऐकत राहिलो. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आई, जाऊ दे, नंतर बोलू."

काकूंनी मला पुढे सांगितलं, की त्यानंतर ताईच्या हातात ट्रे दिला की ती तो खाली ठेवून आत निघून जायची.

इकडे मंडळाच्या गणपतीत बायको लोकांना तावातावाने सांगायची, "घर तयार होतं हो आमचं. सख्खी आई, अशी बहीण, आणि म्हणतात तिकडे सगळं ठीक आहे." लोक हळहळायचे. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवायचं. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत." मी मान हलवली आणि प्रसादाची प्लेट घेतली.

पुढची काही वर्षं आईने दोघींचं ओढलं. मग ती बाथरूममध्ये पडली. हॉस्पिटलमध्ये असताना काकूंनी फोन जोडून दिला. औषधं, ऑक्सिजन, नर्स चांगली आहे, असं काहीबाही बोलणं झालं. मग ती म्हणाली, "मी तिला फार बोलले रे त्या वेळी. तिला काय कळतंय. तिची काय चूक."

मी म्हणालो, "तू आराम कर."

मी पोचेपर्यंत ती गेली होती.

ताई आता मिरजेजवळ एका संस्थेत असते. माणसं चांगली आहेत. बायकोच्या आग्रहाने मी वकीलबाईंना पुन्हा भेटलो, आणि त्यांनी मला वाटलं होतं तेच सांगितलं: आता तिकडे तिची नीट देखभाल होते आहे, म्हणून आता काही होण्यासारखं नाही. बायको ट्रामच्या स्टॉपवर रडली. मी तिला रुमाल दिला.

मागच्या खेपेला संस्थेत गेलो तर वऱ्हांड्यात कुणी देणगीदार आले होते, शर्टाच्या खिशाला पेन लावलेले. ताई भिंतीशी खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. सांभाळणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "नवीन माणूस आलं की ह्या अशाच बसतात. घरची शिस्त दिसते तुमच्या."

ते लोक गेल्यावर मी तिच्याशेजारी बसलो. तिने विचारलं, "पसंत?"

मी म्हणालो, "जेवलीस का?"

आईचं देणं आता फिटणार नाही. ताईला बोलल्याचा दोष अंगावर घेऊनच मी तिला जाऊ दिलं. पण ताई आहे. तिच्यासमोर बसून, तिला कळेल अशा शब्दांत, लागेल तितक्या वेळा मला सांगायचं आहे, की तू चुकली नव्हतीस, आईही नाही, मी चुकलो. आणि त्याआधी बायकोला खरं सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.