खालच्या खोलीतला ड्रायव्हर

माझी मुलगी रेगेन्सबर्गमध्ये जन्मली. सतरा वर्षं ती आमचं मराठी ऐकते आहे, तिला सगळं समजतं, आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. खालच्या खोलीतला तो मुलगा ब्राझीलहून आमच्याकडे राहायला आला आणि आठवड्याभरात ताट पुढे करून माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, अजून थोडं."

बायको त्या दिवशी इतकी खूश झाली की माझ्या वाटणीची भाजीही त्याच्या ताटात गेली. माझं आणि त्याचं गणित बिघडायला सुरुवात झाली ती तिथून.

त्याला घरात आणला मीच. मुलगी लहानपणापासून कार्टिंग करते, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती. आधी हॉलमधल्या भाड्याच्या कार्ट, मग क्लबच्या, मग जुनी विकत घेतलेली. दोन वर्षांपूर्वी इथून चाळीस मिनिटांवरच्या एका छोट्या टीमनं तिला राखीव ड्रायव्हर म्हणून घेतलं. ज्युनिअर फॉर्म्युलाची टीम, गाड्या दोनच. एक मालकाचा पुतण्या चालवतो, ती रिकामी होण्याचा प्रश्न नाही. दुसरीसाठी मालकानं ब्राझीलचा एक अठरा वर्षांचा ड्रायव्हर आणला आणि मला विचारलं, तुमच्या घराखाली वेगळ्या दाराची खोली आहे ना? मी म्हटलं, हो, आहे. मालक खूश राहिला तर मुलीचा विचार करेल, असा माझा हिशेब होता. ज्या सीटवर माझी मुलगी बसावी असं मला वाटत होतं, त्या सीटवर बसणाऱ्याला मी स्वतः गादी, टेबल आणि वायफायचा पासवर्ड दिला.

त्याची कारकीर्द त्यानंच जेवताना थोडी थोडी सांगितली. वडिलांचं टायरचं दुकान. सहाव्या वर्षी कार्टमध्ये बसला. दहाव्या वर्षी राज्यात पहिला, तेराव्या वर्षी देशात दुसरा. पंधराव्या वर्षी एकटा इटलीला आला, तिथे तीन वर्षं कार्टिंग, आणि मग आमच्याकडे. त्याच्या गावातला एक कॉफीचा व्यापारी त्याचा खर्च करत होता. मी ऐकताना मनात मुलीचे आकडे शेजारी मांडत होतो. तीही सहाव्या वर्षीच बसली होती. पण इथे नोव्हेंबर ते मार्च ट्रॅक ओला नाहीतर बंद असतो, आणि शनिवारी तिचा पियानोचा क्लास होता. तो क्लास मीच लावला होता.

मी गाड्यांच्या ब्रेकच्या आणि सस्पेन्शनच्या चाचण्या करतो, पंचवीस वर्षं. आलेख वाचणं माझं रोजचं काम. एकदा टीमच्या वर्कशॉपमध्ये त्याची आणि मुलीची एकाच गाडीतली, एकाच ट्रॅकवरची ब्रेकची रेषा एकावर एक ठेवलेली पाहायला मिळाली. मुलगी ब्रेक चांगला दाबते, पण सोडते एकदम. तो उशिरा दाबतो आणि सोडतो असा की रेषा उतारावरून पाणी ओघळावं तशी खाली येते. एका फेरीत तो चार दशांश सेकंदांनी पुढे होता. मी शोधलं, टायर नवे होते का, वारा होता का, इंधन कमी होतं का. काही सापडलं नाही. तो खरोखरच तिच्यापेक्षा वेगवान होता. नुसता नशीबवान असता तर मला सोसलं असतं.

घरात तर त्यानं काही शिल्लकच ठेवलं नाही. ऑगस्टमध्ये सासूबाई महिनाभर राहून परत निघाल्या, तर त्यानं बायकोकडे पाहून शिकल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "अहो जावईबापू, पोरगं किती गुणाचं आहे!" मला लग्नानंतर अकरा वर्षांनी त्या पहिल्यांदा काहीतरी बरं बोलल्या होत्या, आणि तेही गाडीच्या पार्किंगबद्दल.

आता मुद्द्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये हंगामाची शेवटची शर्यत होती. कॉफीवाल्याची अट होती की हंगामात पहिल्या तिघांत आला तर पुढचं वर्षही खर्च करीन, नाहीतर परत ये. शेवटच्या शर्यतीआधी तो तिसरा होता, चौथ्यापेक्षा थोड्याच गुणांनी पुढे. टीमच्या मालकानं माझ्यासमोर मुलीला सांगितलं होतं, "तो परत गेला तर सीट तुझी." त्या वाक्यानंतर मी त्याचे गुण त्याच्यापेक्षा जास्त वेळा मोजले असतील.

शर्यतीच्या आठ दिवस आधी, शनिवारी, त्याचं पोट बिघडलं. तीन दिवस तो खालच्या खोलीत पडून होता आणि बायको पेज घेऊन वर-खाली करत होती. टीमला सांगू नका, असं त्यानं आम्हाला कळवळून सांगितलं. मंगळवारी तो उठून बसला. बुधवारी जिन्यातून वर आला, गालफडं बसलेली, पण हसत.

बायको पुढच्या सोमवारी भाचीच्या लग्नाला पुण्याला जाणार होती. तेवीस किलोची बॅग. आमच्या घरात बॅग मोजायची पद्धत ठरलेली आहे. माणूस आधी नुसता बाथरूमच्या वजनकाट्यावर उभा राहतो, मग बॅग उचलून, आणि मी वजाबाकी करतो. बॅग टांगून मोजायचा छोटा काटाही घरात आहे, पण दोनदा मोजलं तर तो दोन आकडे दाखवतो, म्हणून मी तो वापरत नाही.

मी बॅगेला हात घातला तशी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नका उचलू. मागच्या वेळी कंबर धरली तेव्हा चार दिवस मोजे मी घालत होते तुम्हाला."

"काका, मी," म्हणत तो पुढे आलाच.

"अरे, तू आजारातून उठलास."

"काकू, बॅग छोटी. मी ब्राझील!" त्यानं दंड फुगवून दाखवला.

तो नुसता उभा राहिला. त्रेसष्ट किलो आठशे. मग बॅगेसकट. एकोणनव्वद शंभर.

"पंचवीस तीनशे," मी म्हटलं.

"इतकी कशी होईल? काट्यात काहीतरी गडबड आहे."

"काट्यात नाही, चॉकलेटांत आहे."

"ती काढायची नाहीत हं. ती जाऊबाईंची आहेत. तुमच्या भावाचे बूट काढा."

ते बूट आणि चॉकलेटांवरून भांडण चालू राहिलं, पण मी दुसऱ्याच आकड्यापाशी थांबलो होतो. ऑगस्टमध्ये सासूबाईंची बॅगही त्यानंच उचलली होती, याच काट्यावर. तेव्हा तो सदुसष्ट चारशे होता. आता तीन किलो सहाशे कमी.

मोटारींच्या शर्यतीत हे का महत्त्वाचं, ते सांगतो. शर्यत संपली की गाडी आणि ड्रायव्हर, हेल्मेटसकट, एकत्र तोलतात. नियमातल्या वजनापेक्षा कमी भरलं तर निकाल रद्द, सगळे गुण गेले. हलक्या ड्रायव्हरसाठी गाडीत शिशाच्या पट्ट्या बसवतात. टीमनं त्याला तोलून पट्ट्या बसवल्या होत्या आदल्या गुरुवारी, म्हणजे आजारापूर्वी. गाडी तर ट्रकमध्ये चढलीही होती. ते एक-दोन किलो जास्तीचे ठेवतात, तीन-साडेतीन नाही. ट्रॅकवर पोचल्यावर पुन्हा तोलून घेता येतं, पण त्या छोट्या टीमची गडबड मी पाहिलेली होती. कदाचित त्यांच्या लक्षात आलं असतं. कदाचित नाही.

त्याला स्वतःला सुचलं नव्हतं. तो बायकोला बूट बाहेर काढायला मदत करत होता.

मी मुलीच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तिला आकडे सांगितले. तिनं कानातले इअरफोन काढले आणि ऐकलं. ती माझीच मुलगी, वजाबाकी तिला सांगावी लागली नाही.

"पापा, वारुम?" ती म्हणाली. मला का सांगतोयस?

"तुला माहीत असावं म्हणून."

"त्याला सांगितलंस?"

"नाही अजून."

पुढचं ती हळू आवाजात बोलली, जर्मनमध्येच. "तुला सांगायचंच असतं तर तू तिथेच सांगितलं असतंस, काट्यापाशी. तू जिना चढून माझ्याकडे आलास. मी गप्प बसावं असं तुला वाटतंय."

"मी असं काही म्हटलं नाही."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर. "म्हटलं नाहीस."

ती खिडकीकडे बघत थोडा वेळ बसली. तिलाही ती सीट हवी होती, माझ्यापेक्षा जास्त. त्या थोड्या वेळात मला आशा होती. मग ती उठली आणि मला ओलांडून खाली गेली. जिन्यात तिचा आवाज आला, मग त्याचा, मग एक पोर्तुगीज शिवी, आणि मग दोघांचं हसणं. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. त्यानं मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकनं मालकाला सांगितलं, मालक फोनवरून इतका ओरडला की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. बायकोनं मला विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "वजन."

रविवारी आम्ही तिघं ट्रॅकवर होतो. बायकोची बॅग अजून पूर्ण व्हायची होती, ती घरीच थांबली. मी कुंपणापाशी उभा राहून दर फेरीला त्याचा वेळ बघत होतो आणि, खरं तेच लिहितो, एखाद्या वळणावर तो बाहेर जावा असं मला वाटत होतं. लागू नये त्याला, नुसता बाहेर जावा, वाळूत अडकावा. तो गेला नाही. आजारातून उठलेला मुलगा अर्धा तास ती गाडी चालवत राहिला आणि चौथा आला. तेवढे गुण पुरे होते.

मग गाड्या काट्यावर गेल्या. मुलगी टीमच्या लोकांबरोबर आत होती, मी दोरीच्या अलीकडे. त्याची गाडी चढली, तो तसाच हेल्मेट घालून आत बसलेला. पाटीवर आकडा आला. नियमापेक्षा एक किलो दोनशे जास्त. तो हात वर करून ओरडला, मेकॅनिकनं मुलीला उचलून एक गिरकी घेतली. वाढवलेल्या शिशाचे तीन किलो सहाशे मी मनात काढून टाकले. दोन किलो चारशे कमी भरलं असतं. मी ही वजाबाकी दोनदा केली.

परत येताना ऑटोबानवर तो मागच्या सीटवर झोपला होता, हंगामातल्या तिसऱ्या नंबरचा कप पोटावर धरून. मालकानं निघतानाच सांगितलं होतं, पुढच्या वर्षी सगळं जसंच्या तसं. म्हणजे तो गाडीत, मुलगी राखीव, आणि खालची खोली भाड्यानं.

"वाईट वाटतंय?" मी हळूच विचारलं.

"हो. खूप." ती समोर बघत होती. थोड्या वेळानं जर्मनमध्येच म्हणाली, "मला त्याला फेरीत मागे टाकायचंय, पापा. चार दशांश आहेत. हिवाळ्यात मालक दोन दिवस मला गाडी देणार आहे."

"कधी ठरलं?"

"आत्ता, काट्यानंतर. मीच विचारलं."

"आणि ब्रेक?"

"तो शिकवणार आहे. सोडायचा कसा ते."

मी पंचवीस वर्षं ब्रेकचे आलेख वाचतो. मला तिनं कधी विचारलं नव्हतं. मी लेन बदलली.

घरी बायको दारात तबक घेऊन उभी. त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, साखर भरवली. मग मुलीला. मी दोघांच्या पिशव्या धरून मागे उभा होतो. "अहो, आत या ना, दार उघडं आहे, थंडी येते," एवढं माझ्या वाट्याला आलं.

जेवणानंतर बॅग पुन्हा मोजायची होती. बूट बाहेर राहिले होते, पण चॉकलेटं परत आत गेली होती, हे मला बॅगेच्या फुगण्यावरून कळत होतं. तो काट्यावर चढला. हातात कप तसाच.

"कप खाली ठेव," मी म्हटलं.

"काका, कप लकी!"

"कपाचं वजन होतं. खाली ठेव."

तो हसत वाकून कप ठेवत होता, तेवढ्यात मुलगी आली. तिनं त्याच्या खांद्याला धक्का दिला आणि म्हणाली, "सरक. मी उचलते."

मराठीत. स्वच्छ, आमच्या घरातलं मराठी, बायको स्वयंपाकघरात मला म्हणते त्याच सुरात. आणि म्हणाली ती त्याला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी काट्याकडे.

तो सरकला. ती नुसती उभी राहिली. अठ्ठावन्न दोनशे. मग तिनं बॅग उचलली. एक्याऐंशी शंभर. बॅग बावीस नऊशे, चॉकलेटांसकट. बायकोला मी तेवढंच सांगितलं.

अठ्ठावन्न दोनशे हा आकडा मी कुणाला सांगितला नाही. हिवाळ्यातल्या त्या दोन दिवसांत ती गाडीत बसेल तेव्हा त्याच्यापेक्षा किती जास्त शिसं लागेल, ते मी तिथेच उभ्या उभ्या काढलं. नऊ किलो दोनशे, तो पुन्हा पहिल्यासारखा जेवायला लागला असं धरून. आणि तो जेवणारच होता. बायकोनं डबे भरून फ्रीजमध्ये ठेवले होते, प्रत्येकावर त्याचं नाव.