ज्याचं ताट त्यानं

मावशींना डोंगराकडे बोट दाखवलेलं मुळीच खपत नसे. गाईड म्हटल्यावर माणसाने निदान बोट तरी दाखवावं, एवढी माफक अपेक्षा कुणाचीही असते. पण मावशी गाडीतून उतरत, डोक्यावरचा पदर सारखा करत आणि कळसूबाईच्या दिशेने नुसती हनुवटी उचलत. आमच्या पहिल्याच सहलीत सतराजण त्या हनुवटीचा माग काढत विजेच्या खांबाकडे बघत उभे होते. एका आजोबांनी तर खांबाचा फोटोही काढला. मी न राहवून हात लांब केला आणि शिखर दाखवलं, तर मावशींनी माझा हात हळूच खाली केला. म्हणाल्या, "बोट चोराकडं करायचं, पोरी. ती आई हाय. तिच्याकडं तोंड करायचं." त्यानंतर मीही कधी बोट दाखवलं नाही. फक्त प्रवाशांना आधीच सांगून ठेवू लागले, की मावशींची हनुवटी नीट बघा.

मी तेव्हा नागापूरच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून एका दिवसाच्या सहली काढायला लागले होते. नगरहून पहाटे निघायचं, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचायचं, सकाळी डोंगर बघायचे, दुपारी रतनवाडीत जेवण आणि अमृतेश्वराचं देऊळ, परतताना घाटघरचा कडा, की झालं. घरच्यांनी मला दोन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने पुन्हा ऑफिसच्या खुर्चीत. गावातले गाईड सगळे गडावर चढवणारे आणि माझे प्रवासी गुडघे सांभाळून चालणारे, त्यामुळे कुणाशीच जमेना. अशात देवळाबाहेर करवंदं विकत बसलेल्या एका बाईंनी मला द्रोण देता देता समोरच्या रतनगडाची, त्याच्या माथ्यावरच्या आरपार भोकाची, म्हणजे नेढ्याची, आणि शेजारच्या खुटा नावाच्या सुळक्याची अशी काही हकिकत सांगितली, की मी करवंदं खायची विसरले. त्याच ह्या मावशी. साठीच्या आसपासच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या रविवारी त्या रतनवाडीहून जीपने शेंडीला येऊन, पिशवी काखेत मारून, रस्त्याच्या कडेला आमची वाट बघत उभ्या होत्या.

डोंगर बघायला येणाऱ्यांची एक पंचाईत असते. कितीही लांबून या, धुकं असलं की समोर नुसता पांढरा पडदा. लोक चिडतात, गाईडवर चिडतात, माझ्यावर तर हमखास. मावशींना त्याची काही फिकीर नसे. शिखर ढगात गेलं की त्या सगळ्यांना पाठ करून बसायला लावत. "आंघोळ करती हाय ती. बघू नका तिकडं." एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी घड्याळ दाखवून विचारलं, "अहो, पण किती वेळ?" मावशी म्हणाल्या, "आज केस धुवाय बसलीया. लागंल येळ." बसमधल्या सगळ्या बायका खो खो हसल्या आणि ते गृहस्थही निमूट पाठ फिरवून बसले. मग मावशी त्या पाठमोऱ्या माणसांना कळसूची गोष्ट सांगत. कळसू म्हणजे इथलीच एक पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, की काय सांगाल ते करीन, पण केर काढणार नाही आणि खरकटी भांडी घासणार नाही. पाटलाच्या घरच्यांनी एक दिवस अट मोडली. तिने तेवढ्यापुरतं काम केलं आणि तडक डोंगर चढून गेली, ती परत खाली आलीच नाही. गोष्ट संपेपर्यंत बहुतेक वेळा धुकं सरलेलं असायचं. नसलं सरलं तरी लोकांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे.

देवळाच्या बाबतीत मात्र आमचे मतभेद होते. मी चार पुस्तकं चाळून राजे, घराणी, शतकं असं एक टिपण केलं होतं आणि ते मावशींना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि पार विसरून टाकलं. त्या लोकांना खांबाला गाल लावून उभं करत आणि विचारत, "गार लागतं का न्हाई?" एकदा इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी मावशींना मध्येच थांबवून देवळाचं वय सांगितलं, हजार-अकराशे वर्षं. मावशी वर छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन अजून गळत न्हाई. माझं स्लॅबचं घर दुसऱ्या पावसातच गळाय लागलं, सर." प्राध्यापकांना एवढं हसू आलं, की पुढचं सगळं व्याख्यान ते विसरले.

पण मावशींची खरी ख्याती झाली ती जेवणानंतरच्या प्रकाराने. जेवण त्यांच्या जाऊबाईंच्या अंगणात असे. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा आणि त्या भागातला वासाचा भात. लोक बोटं चाटत जेवत, ढेकर देत आणि उठू लागत, तेवढ्यात मावशी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहत. तिथे पाण्याची बादली, चाळलेली राख आणि भाताच्या पेंढ्याचे बोळे मांडून ठेवलेले. "रांधलेली भांडी रांधणारीची. ज्याचं ताट त्यानं. कळसूच्या मुलखात दुसऱ्याचं खरकटं कुनी काढत न्हाई." आधी लोकांना वाटे, गंमत आहे. मग कळे, की गंमत नाही. डॉक्टर, वकील, सासवा, नवीन जावई, सगळे रांगेने उकिडवे बसून ताटं घासत. काहींनी तर आयुष्यात पहिल्यांदाच ताट घासलं होतं, ते त्यांच्या बायकांच्या चेहऱ्यावरून लगेच कळायचं.

मी एकदा मावशींना विचारलं, हे कधीपासून. लग्नाआधी त्या चार वर्षं संगमनेरला एका घरी कामाला होत्या. "मानूस चांगला का वाईट, ते ताटावरनं कळतं, पोरी. निम्मी भाकरी टाकायची आन वर हात धुवायचा त्याच्यातच. चार वरसं तसली ताटं घासली. मंग म्हनलं, आता बास." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, की सगळं करीन, पण तुमचं ताट तुमी घासायचं. नवरा हसला. "मंग काय, तीन दिस त्याला त्याच खरकट्या ताटात वाढलं. चौथ्या दिशी उठला आन घासलं. गाव हसलं त्याला. पन शेवटपत्तुर घासत हुता बिचारा." हे सांगताना त्या नवऱ्याची आठवण येऊन गोड हसल्या होत्या.

दुसरं वर्ष संपत आलं तरी माझा जम काही बसला नव्हता. कधी गाडी भरे, कधी निम्मी रिकामी. खुर्ची मला समोर दिसायला लागली होती. तेवढ्यात नागापूरच्या एका मोठ्या कंपनीकडून विचारणा झाली. एक सहल करून बघू, आवडली तर वर्षभराचे सगळे रविवार तुमचेच. मला आभाळ ठेंगणं झालं. पण त्यांचे साहेब फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हो, तुमच्याकडे म्हणे लोकांना भांडी घासायला लावतात. आमची माणसं सुट्टीला येतात. तसलं काही नको."

त्या रविवारी शेंडीला मावशी गाडीत चढल्या, तेव्हा मी त्यांना मागच्या सीटवर बसवून सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. "मावशी, आजच्या दिवस ते ताटांचं राहू द्या." त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. मला हायसं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. पण दिवस असा काही छान उजाडला होता, की लाज फार वेळ टिकली नाही. कळसूबाई लख्ख दिसली. मावशींनी तिची गोष्ट सांगितली, पण अटीपाशी येऊन थोडक्यात आटोपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुशीत होते.

जेवणं झाली. बावीसजण ताटं जागेवर ठेवून उठले आणि मी त्यांना घेऊन देवळाकडे निघाले. आणि माझ्या हातून मोठी चूक झाली, ती अशी. दोन वर्षं प्रत्येकजण आपापलं ताट घासत आला होता, त्यामुळे ताटं कुणीतरी घासावी लागतात, हेच मी विसरून गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, कुणाची सोय केली नव्हती. देवळात साहेबांनी विचारलं, "गाईडबाई कुठायत?" मी बोलवायला धावत आले, तर अंगणाच्या कोपऱ्यात मावशी पदर खोचून बसल्या होत्या. समोर बावीस ताटांची चळत. कुणी भात टाकलेला, कुणी भाकरी, कुणी ताटातच हात धुतलेला. शेजारी जाऊबाई उठू बघत होत्या आणि मावशी त्यांना म्हणत होत्या, "तू बस. तू रांधलंस."

मी म्हटलं, "मावशी, ठेवा ते. मी घासते."

"तू जा. साहेब खोळंबला आसंल. त्याला पुष्करनी दाखव. मी आलेच."

आणि मी गेले. हे लिहितानाही मला वाईट वाटतं, पण मी खरोखरच गेले. देवळात जाऊन राजे आणि शतकं सांगितली, ती कुणीच नीट ऐकली नाहीत. अर्ध्या तासाने मावशी आल्या, हाताच्या रेघांमध्ये राख तशीच होती, आणि त्यांनी बावीसजणांना खांबाला गाल लावायला सांगितलं. घाटघरच्या कड्यावर कोकणातलं वारं अंगावर घेत साहेबांनी मला तिथल्या तिथे वर्षभराचे रविवार देऊन टाकले. मला आनंद झाला, आणि तो कुणाला सांगावासा वाटेना.

मावशींना घरी सोडताना मी गाडीतून खाली उतरले. माफ करा म्हणाले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "माफी कशापायी? मी माझ्या राजीखुशीनं घासली. तुला पायावर हुबं ऱ्हायचं हुतं. राजीनं घासली तर ती चाकरी न्हाई." दोन पावलं जाऊन परत वळल्या. "पन दुसऱ्यांदा सांगितलंस, तर ती चाकरी. मंग मी घरी बरी."

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. कंपनी सोडली तर खुर्ची, आणि धरली तर मावशी जाणार. घरात जो तो सांगे, गाईड काय, दुसरी मिळेल. दुसरी मिळाली असतीही. पण रोज जेवून उठताना माझं लक्ष नवऱ्याच्या ताटाकडे जाई, मुलांच्या ताटांकडे जाई, आणि ती चळत डोळ्यांपुढे येई. पाचव्या दिवशी मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, "सहल करू, पण आमच्याकडे जेवल्यावर ज्याचं ताट तोच घासतो. त्या दिवशी तुमची बावीस ताटं गाईडबाईंनी एकटीने घासली. ते पुन्हा होणार नाही." पलीकडून "कळवतो" म्हणून फोन ठेवला गेला. मी मनाने खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. घसा खाकरून म्हणाले, "त्या बाईंनी घासली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. आणि काय हो, घासणी तुमच्याकडे असते, की आम्ही आणायची?"

हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "राख जास्ती चाळाय लागंल." पुढची तीन वर्षं कंपनीच्या माणसांनी रतनवाडीत ताटं घासली. साहेब स्वतः दोनदा आले. दुसऱ्या वेळी त्यांचं ताट पहिल्यापेक्षा बरं निघालं.

मग मावशींचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना, देवळाचा उंबरा ओलांडवेना. राजूरला मुलाने खोली घेतली होती, तिथे जायचं ठरलं. त्यांच्या शेवटच्या सहलीला मी त्यांना फार चालू दिलं नाही. जाऊबाईंच्या अंगणात पाय लांब करून त्या बसल्या आणि तिथूनच हनुवटीने डोंगर दाखवले. त्या काय सांगतायत ते नीट ऐकू यावं म्हणून लोक त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसले. जेवणं झाली. सगळे आपापली ताटं घेऊन कोपऱ्याकडे गेले. मीही उठले. मावशी उठल्या नाहीत. त्यांनी आपलं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"गुडघा वाकत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं ताट घासशील? राजी आसशील तर."

जाऊबाई चमकून बघायला लागल्या. संगमनेरहून परत आल्यापासून ह्या बाईने आपल्या खरकट्या ताटाला कुणाला हात लावू दिला नव्हता, सुनेलासुद्धा नाही. मी ते उचललं. ताट स्वच्छच होतं, भाताचं एक शीत नाही की भाकरीचा तुकडा नाही. मी बादलीपाशी उकिडवी बसले, राख घेतली, पेंढ्याचा बोळा घेतला आणि घासायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते, आणि मला पुसायचंही नव्हतं. त्या बावीस ताटांच्या दिवशी मी देवळाकडे निघून गेले होते, तिथून परत यायला मला तीन वर्षं लागली होती.

ताट धुऊन आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"कडंला राख ऱ्हायली," मावशी म्हणाल्या.

मी ताट घेतलं आणि परत घासायला बसले.