खारींच्या स्थलांतराचा रविवार

शिकारीत माणूस निसर्गासमोर एकटा उभा राहतो आणि स्वतःला ओळखतो. वाघोलीत आमच्या सोसायटीने खारींची शिकार केली तेव्हा माणसं क्लबहाऊससमोर खुर्च्या मांडून बसली होती, आणि पुढच्या रांगेत कोणी बसायचं यावरून दोन कुटुंबांचं बोलणं तिथेच बंद झालं.

मूळ भानगड गरम पाण्याची. ऐन थंडीत गच्चीवरच्या सोलरचं पाणी कोमट येऊ लागलं. पाइपांवरचं फोमचं आवरण खारींनी कुरतडून नेलंय, असं प्लंबरने सांगितलं. गार पाण्याने आंघोळ केलेली माणसं समजूतदार राहत नाहीत. आमची त्याआधीही नव्हती.

सोसायटीचे अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही. त्यांनी सभा बोलावली, पहिल्या वाक्यात खारींचा समाचार घेतला आणि दुसऱ्यात तळमजल्यावरच्या काकूंचा. काकू एकट्या राहतात आणि आवारातली दोन भटकी कुत्री सांभाळतात, एक काळं आणि एक तांबूस. अध्यक्षांना ती पहिल्यापासून खुपत होती, आणि अध्यक्षांच्या प्रत्येक ठरावाविरुद्ध हात वर करायचा हा काकूंचा नेम होता.

"आपली कुत्री सोसायटीचं नेमकं काय काम करतात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करता तेच," काकू म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतात."

लोक हसले, आणि तिथेच कुत्र्यांचं नशीब फिरलं. अध्यक्षांनी जाहीर केलं की येत्या रविवारी कुत्र्यांनी आवारातल्या खारी हुसकावून दाखवायच्या. जमलं तर राहतील, नाही जमलं तर त्याच दिवशी टेंपोत घालून लांब सोडण्यात येतील. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी हात वर करून सांगितलं की खारी मारणं बेकायदेशीर आहे आणि कुत्री हलवणंही. तेव्हा सूचनाफलकावर 'खारींचे स्थलांतर' आणि 'श्वानांचे पुनर्वसन' असे शब्द घालण्यात आले. वकिलांचं समाधान झालं.

मी काकूंच्या दारावरून जात होतो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "माझे गुडघे हे असे. दिवसभरात माझ्या दाराशी येतं कोण? हीच दोघं. ती नेली तर मी बोलू कोणाशी? तुमच्याशी?" हा पर्याय त्यांनी विचारात घेतला नव्हता, हे स्वरावरून कळलं.

रविवारी सकाळी चांगलीच थंडी होती. फाटकाशी टेंपो उभा करून ठेवला होता, काकूंना दिसेल असा. अध्यक्षांचा काकूंच्या कुत्र्यांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी पाहुणे बोलावले होते. ज्यांच्या शेतावर आमच्या इमारती उभ्या आहेत, ते गृहस्थ. ते मोठ्या गाडीतून आले आणि त्यांच्यामागे दोन हडकुळी, उंच शिकारी कुत्री उतरली. दोघांच्या अंगात स्वेटर. शिकार व्हायच्या आधीच पाहुण्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला.

"आमच्या आज्यापासून ही जात हाय आमच्याकडं," ते म्हणाले. "ससा सुटत न्हाई, खारीचं काय घेऊन बसलाय!"

मग अध्यक्ष पर्यावरणावर बोलले. एका स्वेटरवाल्याने जांभई दिली. सभागृहाची भावना त्याने अचूक मांडली.

पाहुण्यांची कुत्री गाडीत बसवून आधी काकूंच्या कुत्र्यांना संधी देण्यात आली. ती काकूंच्या कट्ट्यावर उन्हात पसरली होती आणि शेजारच्या ताटलीत सकाळचा दहीभात होता. सगळे श्वास रोखून बघत असताना कडुनिंबावरून एक खार उतरली, कट्ट्यावर आली आणि काळ्या कुत्र्याच्या नाकासमोरून ताटलीकडे निघाली. काळ्याने मान जराशी मागे घेतली, तिला जागा व्हावी म्हणून. मागून आणखी दोन खारी आल्या. तांबूस कुत्रं उठलं आणि अंग झटकून पलीकडे जाऊन झोपलं. पंक्तीत रोजचीच माणसं असावीत तसं चाललं होतं.

"म्हणजे खारींनाही तुम्हीच पोसताय!" अध्यक्ष ओरडले. "आम्ही इकडे गार पाण्याने आंघोळी करतोय!"

"तुम्ही करता हे आत्ता कळलं," काकू म्हणाल्या. पण त्यांची नजर टेंपोवर होती.

अध्यक्षांनी टेंपोवाल्याला फळी उघडायला सांगितली आणि पाहुण्यांना खूण केली. पाहुण्यांनी गाडीचं दार उघडलं. स्वेटरवाल्यांनी बाण सुटावा तशी धाव घेतली. दहीभात उडाला, पुढची रांग खुर्च्यांसकट मागच्या रांगेत गेली. दोन खारी कडुनिंबावर चढल्या. तिसरी पावसाच्या पाण्याच्या पाइपावरून सरळ पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत शिरली. ती बाल्कनी अध्यक्षांची. कुत्री जातिवंत होती, त्यांनी जिना शोधला. सत्काराचं तबक आणायला म्हणून अध्यक्षांच्या घराचं दार उघडंच ठेवलेलं होतं.

वरून काचा फुटल्याचा आवाज आला. पाहुणे खुशीत म्हणाले, "बघितलं? मागं न्हाई हटत!"

मग अध्यक्षांच्या पत्नी बाल्कनीत आल्या. त्यांच्या हातात उचकटलेलं खोकं होतं. अध्यक्षांना आयुष्यभर मिळालेल्या सत्काराच्या शाली त्यात ठेवलेल्या असत, वापरायच्या नाहीत आणि कोणाला द्यायच्याही नाहीत या अटीवर.

"अहो, ही कुत्री आधी बाहेर काढा!" त्या वरून ओरडल्या. "तुमच्या शालींत पिल्लं आहेत!"

त्यांनी खोकं तिरकं करून दाखवलं. जरीचे काठ, गोंडे, मध्ये सोलरचा फोम, आणि त्या उबेत डोळे न उघडलेली तीन-चार पिल्लं. सोसायटीत त्या सकाळी गरम अशी तेवढीच जागा होती.

"कुत्र्यांनी पिल्लांना धरलं तर मी माहेरी जाईन," बाई म्हणाल्या. "आणि कपाटाच्या काचेचं नंतर बोलू."

पाहुण्यांनी दोन्ही कुत्री गळपट्ट्याला धरून खाली आणली आणि शाल, नारळ घेऊन तावातावाने निघून गेले. अध्यक्षांनी माघार घेतली नाही, ते कधीच घेत नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे विशेष सभा भरवली आणि स्वतः ठराव मांडला: आवारात यापुढे केवळ खारींच्या मागे न लागणारी कुत्रीच राहू शकतील. आवारात अशी दोनच कुत्री होती. टेंपोची फळी लागली, काकू कट्ट्यावर खाली बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

ठराव मताला टाकला. विरोधात एकच हात वर झाला, काकूंचा.