जेट्टीजवळची विहीर

खाडीतून बोटी चालणार म्हणून सरकारने पैसा ओतला, तेव्हा गावात सगळ्यात जास्त हुरळलो तो मीच. पूर्ण्याच्या गोदामात माझी ड्युटी, रिक्षात कोंबून जाण्याचा वैताग आलेला. सुट्टीच्या दिवशी तरी बोटीने ठाण्याला जाऊ, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. जेट्टीचे खांब उभे राहिले, गाळ उपसणारं यंत्र दिवसभर धडधडू लागलं. त्याच सुमारास प्रादेशिक योजनेचा नळ दारात आला. नळच आला फक्त. पाणी आम्ही विहिरीचंच पीत राहिलो.

आईला रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि कधी नव्हे ते तिने ऐकलं. भात आळणी, कालवण आळणी. तरी रक्तदाब चढताच. पाय सुजले.

"मीठ खाताहेत त्या. किडनीवर येईल," डॉक्टर मला म्हणाले.

"कुठं खातंय मी? यालाच विचारा," आई म्हणाली.

ती खरंच खात नव्हती. म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

मग मावशी आली. आईची धाकटी बहीण, अकलोलीला दिलेली. उन्हातून आल्या आल्या तिने तांब्या तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

"अक्का, पानी खारं हाय गो."

"न्हाय. आपलं पानी गोडच हाय."

मी प्यायलो, बायको प्यायली. आम्हाला गोडच लागलं. मावशीने आणखी एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला. पाणी इतकं हळूहळू खारं होत गेलं होतं, की आमच्या जिभांना ते कळलंच नव्हतं. आईचा भात, आईची डाळ, आईचा चहा, सगळं त्याच पाण्यातलं.

खाडी खोल केल्याने खारं पाणी विहिरीत शिरलं का, असं मी ग्रामसभेत विचारलं. तपासू, असं उत्तर मिळालं. पुढे बोटीच्या तिकिटावर चर्चा रंगली.

मी गोदामाजवळून आईपुरते पाण्याचे जार आणू लागलो; आम्ही दोघं विहिरीचंच पीत राहिलो. "चव न्हाय याला," आई कुरकुरायची, पण प्यायची. पायांची सूज उतरली तसा मला धीर आला.

यंदा ऐन उन्हाळ्यात जारवाल्याकडेच पाणी नव्हतं. टँकर वरच्या आळीतच रिकामा झाला. शेजारी मागायला गेलो, तर त्यांच्याकडेही विहिरीचंच. आईची गोळी घ्यायची राहिली होती. शेवटी विहिरीतून घागर काढली, पेला भरला आणि आधी मी प्यायलो. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

आई तळहातावर गोळी घेऊन बसली होती.

"गोड हाय ना रे?"

मला गोडच लागत होतं, आणि पेला हातातून सुटत नव्हता.