खडसाची पिल्लं आणि मान्यवर

नारळ फुटल्याचा आवाज आला की माझं डोकं फिरतं. देवळात नाही, कार्यक्रमात.

पोशीर गावाच्या वर, डोंगराकडे, नदीला एक खोल डोह आहे. तिथे पूर्वी खडस असायचे. खडस म्हणजे पुस्तकातला महाशीर; आता औषधालाही सापडत नाही. मी कर्जतच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या माशाच्या मागे लागले. पिल्लं आणून डोहात सोडायची, अशी योजना जीव तोडून लिहिली. पण ती जगायची तर आधी तिथली मासेमारी थांबायला हवी, आणि त्याच डोहावर डोंगरातली एक वाडी उन्हाळा काढते. वाडीतल्या म्हाताऱ्या बाबांना मी गळ घातली. ते म्हणाले, "बाई, तुमी सांगताय ना, मंग राखू." दोन उन्हाळे वाडीनं डोहात जाळं टाकलं नाही. पोरं मीठ-भाकरीवर राहिली, माझ्या शब्दावर.

योजनेत मी सगळं लिहिलं होतं. पिल्लांच्या पिशव्या सावलीत ठेवायच्या. आधी बंदच डोहात तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मग हळूच तोंड सोडायचं. आणि शेवटी एक ओळ: मान्यवरांच्या हस्ते. तीही मीच लिहिली. पाहुणा नसला की आपल्याकडे कागद हलत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पिल्लं सकाळी आली, पाहुणे दुपारी. तोवर पिशव्या कुठे, तर टेबलावर, हारांशेजारी, रखरखीत उन्हात, फोटोत दिसाव्यात म्हणून. मी सावलीत घ्या म्हटलं, तर आयोजक म्हणतो, "आलेच बघा बाई, कुंभिवली सोडलं." कुंभिवली कुठे, पोशीर कुठे. मी एक पिशवी उचलली, ती त्यानं माझ्या हातातून काढून घेतली. नारळाआधी हात लावायचा नाही म्हणे. मग नारळ झाला, भाषण झालं आणि सगळ्या पिशव्या भसाभस पाण्यात ओतल्या.

पिल्लं पोट वर करून तरंगली. वर टाळ्या चालू होत्या. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून एकेक उचलून बघत होते. मला म्हणाले, "बाई, आमी डोह राखला. तुमाला पिशव्या राखता नाय आल्या?"

त्या पाहुण्याला मी शिव्या घालते, आयोजकाला घालते, पण फिरून फिरून संताप येतो तो माझ्याच त्या ओळीचा.

यंदा योजना पुन्हा लिहिली. पाहुणा नाही, टेबल नाही, नारळ तर नाहीच. कागद घेऊन वाडीवर गेले. बाबा डोहावर जाळं टाकून बसले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जाळ्यातले मूठभर शिवडे मासे पळसाच्या पानात बांधले आणि माझ्या हातात दिले. "न्या बाई, कालवण करा."

पुन्हा डोह राखा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. कागद पर्समध्येच राहिला. शिवडे घेऊन घरी आले.